घरचा लोहमार्ग

चालत्या वाहनाची लहान प्रतिकृती करून ती घरात ठेवावी, ही हौस आगगाडीबरोबर जन्मास आली असे पुष्कळांस वाटते. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. हडप्पा संस्कृतीच्या अवशेषांत मातीच्या चिमुकल्या बैलगाड्या सापडल्या आहेत. आणि आपल्याच प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली जो ब्राँझचा रथ मिळाला, त्याची बैलजोडी व त्यावर उभा असलेला सारथी पाहिला म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या कारागिरासही हीच ओढ होती, हे ध्यानात येते. आगगाडीने या जुन्या हौशीस एक नवी शिस्त मात्र लावली. रथ कोठेही ठेवावा, तो रथच असतो. आगगाडी रुळांवाचून पांगळी. आणि रूळ आले म्हणजे त्यांच्यामधील अंतर आले, अंतर आले म्हणजे मोजमाप आले. घरच्या मेजावर लहानसा लोहमार्ग मांडणारा मनुष्य त्यामुळे, त्यास कळो वा न कळो, इतिहासाच्या प्रांतात पाऊल टाकतो. ते कसे, हे या लेखात पाहण्याचा आमचा विचार आहे. आणि विवेचन हवेत राहू नये म्हणून आम्ही एक गाव डोळ्यांपुढे ठेवतो. ते गाव म्हणजे मुकुंदवाडी.

मुकुंदवाडी हे आज छत्रपती संभाजीनगराचे उपनगर आहे. एका अंगास सिडकोच्या वसाहती, दुसऱ्या अंगास चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, यांच्या मध्ये हे जुने खेडे सापडले आहे, आणि त्याच्या नावाचे एक लहान स्थानकही आहे. येथून जाणारा लोहमार्ग निजामाच्या हमीदार रेल्वे कंपनीने घातला. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या गावांवरून सिकंदराबादेकडे जाणारा हा सुमारे ३९० मैलांचा मार्ग हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे या नावाने ओळखला जाई. १९०० साली औरंगाबादेस गाडी आली, त्या वेळी हैदराबादच्या गादीवर मीर महबूब अली खान हे सहावे निजाम होते, आणि छप्पन्नाच्या दुष्काळाने दख्खन होरपळत होता. हा मार्ग मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला होता. मनमाडास मात्र जी. आय. पी. रेल्वेचे रूळ साडेपाच फुटांचे. सबब मुंबईहून आलेला माल तेथे एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. पोत्यामागून पोते हमालांच्या पाठीवरून अंतर काटीत असे. ही स्थिती जवळजवळ नव्वद वर्षे टिकली. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात मराठवाड्यातील हा मीटर गेज उखडून तेथे ब्रॉडगेज आले, आणि मुकुंदवाडीवरून जाणारी जुनी गाडी कायमची नाहीशी झाली.

दोन रुळांतील अंतर असे निरनिराळे का, याचे उत्तर राज्यकर्त्यांच्या हिशेबात आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली उतारूंची गाडी गेली ती साडेपाच फुटांच्या, म्हणजे १६७६ मिलिमीटरांच्या मार्गावरून. इंग्लंडात रूढ असलेले अंतर ४ फूट साडेआठ इंच. ते सोडून येथे अधिक रुंद मार्ग पसंत करण्यात आला. पुढे खर्च फार होऊ लागला, तेव्हा लॉर्ड मेयो यांच्या कारकीर्दीत, १८७० च्या सुमारास, दुय्यम मार्गांसाठी स्वस्त व अरुंद मापाचा निर्णय झाला. त्याच वेळी हिंदुस्थानात दशमान मापे आणण्याचा विचार चालू होता, म्हणून एक मीटर हे अंतर ठरले. दशमान मापे त्या काळी आली नाहीत, त्यास पुढे ऐंशी-पंचाऐंशी वर्षे लागली. परंतु तो मीटर तेवढा रुळांच्या रूपाने जमिनीवर पडून राहिला.

आता घरातील गाडीकडे वळू. एतद्विषयक युरोपचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. आगगाडी सुरू होताच जर्मनीतील नुरेंबर्ग येथील पत्र्याच्या खेळण्यांच्या कारागिरांनी तिची रूपे करण्यास आरंभ केला. परंतु ही खेळणी सुटी असत. एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर चालत नसे. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ग्योपिंगेनच्या मेर्कलिन या घराण्याने चावीची गाडी मांडली, तिच्याबरोबर जोडता-वाढविता येणारे रूळ दिले आणि रुळांच्या रुंदीस क्रमांक लावून दिले. हे घराणे पूर्वी बाहुलीच्या स्वयंपाकघराचे सामान विकीत असे. भातुकलीत दरवर्षी एखादे भांडे वाढावे, तसे गाडीत दरवर्षी एखादा डबा, एखादा सांधा, एखादे स्थानक वाढावे, ही कल्पना त्यांस भातुकलीवरूनच सुचली असल्यास नवल नाही. इंग्लंडात नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक यांनी खऱ्या इंजिनांची हुबेहूब रूपे विकण्यास सुरुवात केली. १९२० साली लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी सामान्य घरांतील मुलांस परवडतील अशा चावीच्या गाड्या काढल्या. पुढे घरे लहान होत गेली, तसतसे रूळही आकसत गेले. १९२२ साली नुरेंबर्गच्या बिंग कंपनीने मेजावर मावणारी रेल्वे काढली, आणि १९३५ नंतर विजेवर चालणाऱ्या साडेसोळा मिलिमीटर रुंदीच्या रुळांनी बाजार व्यापला. आजही जगात सर्वांत अधिक खपतात ते हेच रूळ. खरी वस्तू ८७ पट लहान केली असता हे माप येते, आणि त्यास एच. ओ. असे नाव आहे.

मराठी माणसांचा या हौशीशी संबंध आला तो दोन अगदी भिन्न वाटांनी. पहिली वाट राजवाड्याची. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात माधवराव शिंदे यांच्या भोजनगृहातील मेजावर चांदीची गाडी फिरे. १९०६ च्या सुमारास ती उपरोक्त बॅसेट-लोक यांच्याकडून करवून घेण्यात आली. तिच्या सात वाघिणींवर शिंदे या नावाची सात इंग्रजी अक्षरे, एकेकीवर एक याप्रमाणे; आणि त्यांवर मद्याच्या काचपात्रांची व सिगारांची रवानगी. पाहुण्याने पात्र उचलले की गाडी थांबावी, परत ठेवले की चालू व्हावी, अशी योजना तिच्यात आहे. या महाराजांस आगगाडीचे वेड खरेच होते. त्यांच्या संस्थानात दोन फूट रुंदीच्या रुळांचे खरे मार्गही होते. तथापि मेजावरील गाडी कोणत्याही खऱ्या गाडीची प्रतिकृती नव्हती. ती वैभवाची प्रतिकृती होती.

दुसरी वाट मध्यमवर्गीय घराची, आणि ती पुण्यास पाहावयास मिळते. भाऊ जोशी या गृहस्थांनी आयुष्यभर लहान आगगाड्यांचा छंद जोपासला. प्रथम त्यांनी फिरती प्रदर्शने भरविली. परंतु मांडणी जोडणे, मोडणे व गाडीतून वाहून नेणे यांत वस्तूंचे व माणसांचे हाल होतात, हे पाहून एकाच जागी कायमची मांडणी करण्याचे त्यांनी ठरविले. १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडमध्ये त्यांचे लघुरेल्वे संग्रहालय लोकांस खुले झाले. तेथे वाफेच्या इंजिनांपासून अतिवेगवान गाड्यांपर्यंत अनेक प्रकार एकाच छोट्या शहरात फिरतात; सिग्नलचे दिवे बदलतात, पूल ओलांडले जातात, दिवसाची रात्र होऊन घराघरांत दिवे लागतात. आईबापांचा हात धरून आलेली मुले तेथे काचेस नाक लावून उभी राहतात, आणि थोड्या वेळाने पाहावे तो आईबापही तसेच उभे असतात. एका खासगी हौशीतून सार्वजनिक शिक्षणाची संस्था उभी राहिल्याचे हे उदाहरण महाराष्ट्रास भूषणावह आहे.

परंतु या दोहोंहून जुनी आणि सर्वांच्या ओळखीची अशी एक तिसरी वाट आहे, तिच्याकडे या संदर्भात कोणी पाहत नाही. ती म्हणजे दिवाळीचा किल्ला. दगडविटा रचून, त्यांवर चिखलाने भिजविलेले गोणपाट पसरून, हळीव व मोहरी पेरून मराठी मुले पिढ्यानपिढ्या अंगणात डोंगर उभा करीत आली आहेत. डोंगराचा उतार कसा द्यावा, वाट कोठून न्यावी, तळ्यातले पाणी कसे अडवावे, हे सारे ज्ञान आपल्या घरी आहेच. फरक आहे तो एकाच गोष्टीत. किल्ल्यावर शिवाजी महाराजांची मूर्ती दरवाजाहून उंच असते, मावळा तोफेहून मोठा असतो, आणि पायथ्याची गवळण बुरुजाएवढी असते. यात कोणास काही वावगे वाटत नाही, आणि वाटूही नये. तेथे आकार हा मानाप्रमाणे ठरतो. लघुरेल्वेत तो मापाप्रमाणे ठरतो. तेथे राजाही ८७ पट लहान आणि हमालही ८७ पटच लहान. आमच्या मते या छंदाचे शैक्षणिक मर्म ह्या समतेत आहे, आणि इतिहासलेखनाचेही मर्म त्याहून फार वेगळे नाही.

आता मुकुंदवाडीतील एखाद्या सुखवस्तू गृहस्थाने आपल्या बाहेरच्या खोलीत, भिंतीलगत आठ फूट लांब व दोन फूट रुंद फळीवर, आपल्या गावावरून जाणारी जुनी गाडी मांडावयाचे मनात आणले, असे समजू. पहिली अडचण रुळांचीच. बाजारातील साडेसोळा मिलिमीटरांचे रूळ इंग्लंड-जर्मनीतील ४ फूट साडेआठ इंची मार्गाचे रूप आहेत. आपले ब्रॉडगेज ८७ पट लहान केले तर ते सव्वाएकोणीस मिलिमीटर भरते. म्हणजे तयार रुळांवर आपले इंजिन उभे केले की ते खऱ्या मापाने चोवीस सेंटीमीटर आखडलेल्या मार्गावर उभे असल्यासारखे दिसते. पुष्कळ जण हे चालवून घेतात, आणि त्यांस दोष देण्याचे कारण नाही. खुद्द इंग्रजांनीही असेच केले आहे. त्यांची इंजिने अंगाने लहान. ८७ पट कमी केली तर त्या काळची विजेची मोटार आत मावेना. म्हणून त्यांनी इंजिन ७६ पट लहान केले आणि रूळ मात्र पूर्वीचेच ठेवले. त्यामुळे इंग्लंडातील बहुतेक घरांत आजही खऱ्या मापाने सात इंच अरुंद अशा मार्गावर गाड्या धावतात.

मराठवाड्याच्या मीटर गेजचे नशीब या बाबतीत चांगले आहे. एक मीटर ८७ पट लहान केला तर साडेअकरा मिलिमीटर होतात. आणि स्वित्झर्लंडमधील डोंगरी रेल्वे मीटर गेजची असल्यामुळे तिच्या हौशी लोकांसाठी युरोपात बारा मिलिमीटरांचे रूळ तयार मिळतात. आल्प्स पर्वतासाठी केलेले रूळ मराठवाड्याच्या काळ्या रानात असे नेमके बसावेत, हा मेयोसाहेबांच्या त्या निर्णयाचा दूरचा प्रसाद म्हटला पाहिजे. सोलापूर-धाराशिवकडील वाचकांस येथे हेही सांगून ठेवतो की, १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फूट याच प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटर होतात, आणि नऊ मिलिमीटरांचे रूळ तर कोठेही मिळतात.

दुसरी अडचण लांबीची. मनमाड ते औरंगाबाद हे सुमारे ११३ किलोमीटरांचे अंतर या प्रमाणात तेराशे मीटर होईल. म्हणजे मनमाड शेजारच्या आळीतच नव्हे, पुढच्या वसाहतीत जाऊन पडेल. वीस मीटर लांबीचा डबा तेवीस सेंटीमीटरांचा होतो. दहा डब्यांची गाडी केली तर तिच्याने जवळजवळ सारी फळी भरून जाईल. अर्थात येथे निवड करणे प्राप्त आहे. चार डबे घ्यावेत, एकच स्थानक घ्यावे, एक मुख्य रूळ, गाड्यांच्या भेटीसाठी दुसरा, आणि मालधक्क्याकडे जाणारा तिसरा. एका टोकास निंबाच्या झाडीआड गाडी मनमाडकडे दिसेनाशी व्हावी, दुसऱ्या टोकास टेकाडाआड जालन्याकडे. इतिहासकार शंभर वर्षांतून दहा घटना निवडतो, त्याचे काम याहून निराळे नसते. काय ठेविले यापेक्षा काय गाळले, यावरूनच दोघांची पारख होते.

प्रत्यक्ष बांधणी तितकी कठीण नाही. अर्धा इंच जाडीचे चांगले प्लायवूड, खाली लाकडी चौकट, आणि वाळवी लागणार नाही अशी भिंतीपासून थोडी दूर जागा, एवढे साधले की निम्मे काम झाले. रूळ बसविताना येथील उन्हाळ्याचा विचार अवश्य करावा. पौषातील पहाट आणि वैशाखातील दुपार यांत तीस अंशांचा फरक धरला, तर आठ फूट लांबीचे रूळ एक मिलिमीटरहून थोडे अधिक वाढतात. सांध्यांत तेवढी फट न ठेवल्यास रूळ वाकून गाडी घसरते. खऱ्या मार्गावरही हाच नियम आहे, आणि मुलांस उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे पुस्तकातून शिकविण्यापेक्षा असे दाखविणे केव्हाही बरे. वीज बारा व्होल्टांचीच असते, ती दोन्ही रुळांतून वाहते. प्रवाह उलटा केला की गाडी उलट चालते. आमच्याकडील धूळ ही या यंत्राची खरी वैरीण. आठवड्यातून एकदा रूळ स्पिरिटाच्या फडक्याने पुसले नाहीत, तर अजिंठा एक्सप्रेसही मध्येच उभी राहील.

सजावटीत मात्र घाई करू नये, कारण खरी गोडी तेथेच आहे. रुळांखालील खडी खऱ्या मार्गावर साधारण पन्नास मिलिमीटरांची असते. आपल्याकडे ती अर्ध्या मिलिमीटराहून किंचित मोठी हवी. आपल्या भागातील काळ्या दगडाची भुकटी बारीक चाळणीने चाळून घ्यावी, रुळांमध्ये पसरावी आणि पाण्यात पातळ केलेला फेविकॉल थेंब थेंब सोडावा. दुकानातील विलायती खडीचा रंग या मार्गास कधीही शोभणार नाही. शेताची माती शेतातूनच आणावी. पस्तीस फूट उंचीचा निंब बारा सेंटीमीटरांचा होतो. तांब्याच्या तारा पिळून त्याचे खोड करावे. मनुष्य दोन सेंटीमीटरांहूनही थोडा ठेंगणा. विकत मिळणारी माणसे टोप्या व लांब कोट घालून येतात. त्यांच्या डोक्यावर फेटा बांधणे आणि बायकांस पातळ कागदाचे नऊवारी नेसविणे हे घरातील नाजूक हातांचे काम आहे, आणि त्यात आजीचा सल्ला फार उपयोगी पडतो. कासोटा कसा, पदर कोणत्या खांद्यावर, डोक्यावरचे ओझे कशाचे, हे तिला विचारावे. सिग्नलचा हात आडवा असताना काय समजावे आणि खाली पडला म्हणजे काय, एकेरी मार्गावर स्टेशनमास्तर चालकाच्या हाती कोणती खूण देत असे, सांधेवाला कोठे उभा राहत असे, हे ज्याने नोकरी केली असेल त्यास विचारावे.

येथेच या छंदाचे मोल आमच्या नजरेस भरते. १९२५ साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडात आलेल्या रॉय इंग्लंड नावाच्या तरुणाने तेथील खेड्यांतील गवताने शाकारलेली जुनी घरे डोळ्यांदेखत पाडली जाताना पाहिली. ती वाचविणे त्याच्या हाती नव्हते. म्हणून ती मोजून, ७६ पट लहान करून, कागदाची पुन्हा बांधण्याचा त्याने निश्चय केला. ऑक्सफर्डजवळील पेंडन संग्रहालय हे त्याचे फळ होय. तेथील बागांतील फुलझाडेसुद्धा चौकशीवाचून लावलेली नाहीत. गाडी तेथे आहेच. परंतु पाहणारा बाहेर पडतो तो एका नाहीशा झालेल्या खेड्याची माहिती घेऊन.

यावर दोन आक्षेप येण्यासारखे आहेत. एक असा की, जे गेले ते गेले. मीटर गेज गेल्याने मनमाडची आडकाठी दूर झाली, थेट मुंबईची गाडी मिळाली, मग रडावयाचे कशासाठी? आमचेही म्हणणे तेच आहे. रडू नये, मोजून ठेवावे. गेलेली गोष्ट परत यावी असे वाटल्यावाचून ती नीट जाणून घेता येत नाही, असे थोडेच आहे! दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लहान केलेली वस्तू सुंदर दिसते. आणि सुंदर दिसणारा भूतकाळ बहुधा खोटा असतो. फळीवरील स्थानकात घाम येत नाही, तिसऱ्या वर्गाच्या डब्यात गुदमरत नाही, दुष्काळात पोट खपाटीस गेलेली माणसे फलाटावर बसलेली नसतात. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि त्यावर आमच्याजवळ एकच उपाय आहे. ज्यास मराठवाड्याची जुनी गाडी मांडावयाची असेल, त्याने निजामाच्या सलूनच्या आधी तिसऱ्या वर्गाचा डबा करावा. आणि जागा असेल तर मनमाडचा तो मालधक्का करावा, जेथे दोन निराळ्या रुंदीचे रूळ समोरासमोर येत, आणि त्यांमधील फरक माणसाच्या पाठीवरून भरून काढला जाई. दीड-दोन सेंटीमीटरांची वाकलेली वीस माणसे आणि त्यांच्या पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढी पोती, हे दृश्य ज्या मांडणीत आहे ती मांडणी खोटे बोलत आहे, असे कोण म्हणेल?

खर्चाची भीतीही बाळगण्याचे कारण नाही. इंजिन व रूळ विकत घ्यावे लागतात हे खरे. भारतीय मीटर गेजच्या वायपी किंवा वायजी इंजिनांची तयार रूपे बाजारात सहजासहजी मिळतही नाहीत, आणि विलायती सांगाड्यावर आपले पुठ्ठ्याचे अंग चढविणे हाच बहुतेकांस मार्ग उरतो. परंतु स्थानक, झाडे, माणसे, शेते ही कात्री, पुठ्ठा, सरस व फुरसत यांचीच बनतात. त्यांत फुरसत हीच महाग. पण सुटीतील चार दुपारी घरातील तीन पिढ्यांनी एका फळीभोवती घालविल्या, तर त्या वाया गेल्या असे आम्ही तरी म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र तातडीची आहे. ज्यांनी मीटर गेजच्या इंजिनात कोळसा घातला, ज्यांनी सांधे फिरविले, ज्यांनी मनमाडास पोती वाहिली, ते लोक आज वृद्ध झाले आहेत. त्यांची आठवण कोणत्याही दप्तरात नाही. मुकुंदवाडीतील, जालन्यातील वा परभणीतील एखाद्या विद्यार्थ्याने हातात फूटपट्टी व वही घेऊन त्यांच्याकडे जावे, खिडकी किती उंच होती, दिवा कोठे टांगत, फलाटावर कोणते झाड होते, हे विचारावे आणि लिहून घ्यावे. प्रतिकृती पुढेमागे होईल किंवा होणार नाही. वही तरी भरलेली राहील. ती भरण्याचे दिवस आता फार उरलेले नाहीत.